विवेकतपासणीत बावखल येऊ द्या

प्रति,
माननीय महागुरू,
वसई धर्मप्रांत

आदरणीय महागुरू,

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्र २०१५ साली आलं, तेव्हा वसईकरांना त्यातलं फारसं काही नवं वाटलं नसावं. पाव शतक आधीच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरले होते. बिल्डरांच्या घशात जाणाऱ्या वाड्या आणि टँकरने उपसलं जाणारं विहिरींचं पाणी त्यांच्या लेखी धर्माचेच विषय होते. पुढे परिपत्रानेही तेच सांगितलं: निसर्गाची नासधूस हे पाप आहे आणि तिचा पहिला फटका गरिबाला बसतो.

पाप म्हटलं, तर ते करणाराही कोणीतरी असणार. त्याच्यापाशी मात्र आपण अडखळतो. १ सप्टेंबरला सृष्टीसाठी प्रार्थना होते, रोपं लावली जातात, प्लास्टिक टाळायला सांगितलं जातं. त्यात वाईट काहीच नाही. पण वसईचं दुखणं रोपांच्या तुटवड्याचं नाही, बुजत चाललेल्या बावखलांचं आहे.

तरुण वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात भोवतालचं पाणी त्यात उतरतं, मुरतं आणि उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीला पाझर देतं. समुद्र आणि खाडी इतकी जवळ असूनही विहिरी गोड राहतात त्या या मुरलेल्या पाण्याच्या जोरावर. मुरणं थांबलं आणि उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. मग केळी काय आणि पानवेली काय! जुलै २०१८च्या पुरात वसई पाण्याखाली गेली. त्याला कारणं अनेक होती, पण पाण्याच्या जागांवर पडलेला भराव हे त्यातलं एक.

हा भराव दर वेळी बाहेरचाच माणूस टाकतो असं नाही. मिस्साला पुढच्या बाकावर बसणारी आपली माणसंही त्यात आहेत. त्यांना सरसकट लोभी ठरवणं मला पटत नाही. भावाभावांत वाटण्या झालेल्या, वाडीला मजूर मिळत नाही, मुलं नोकरीला मुंबईत किंवा परदेशात. जमिनीच्या तुकड्याला येणारा भाव आणि केळीच्या घडाला मिळणारे पैसे यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे नुसत्या दटावणीने काही होणार नाही.

तरी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. उपवासकाळात पापकबुलीआधी आपण जी विवेकतपासणी करतो, तीत हे प्रश्न घाला: मी बावखल बुजवलं का? विहिरीचं पाणी टँकरला विकलं का? शेजाऱ्याच्या पाण्याची वाट अडवली का? चोरी आणि खोट्या साक्षीबद्दल विचारतो, तसंच हेही स्पष्ट विचारावं.

दुसरं, प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतल्या बावखलांची यादी करावी. सुरुवात चर्चच्या जमिनीपासून व्हावी. तिथे एखादं बुजलेलं असेल तर ते आधी उपसावं. त्याशिवाय वाडीवाल्याला सांगण्याचा अधिकार धर्मगुरूंना मिळणार नाही. ऑक्टोबरमध्ये आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताची कणसं घेऊन आम्ही चर्चमध्ये येतो. त्याच्या आधीच्या रविवारी ही यादी सूचनाफलकावर लावता येईल. मोजणीला माणसं लागतील, तर आम्ही गावोगावचे लोक तयार आहोत. तारीख तेवढी आपण ठरवा.

आपला नम्र,
एक वाडीवाला