भोंगा नेमका कुणासाठी?

संध्याकाळी सात ते साडेआठ तुमच्या घरी टीव्हीवर काय चालू असतं? आणि घरातलं सगळ्यात लहान पोर तेव्हा काय करत असतं? बहुतेकांचं दोन्हीचं उत्तर एकच निघेल.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तिथं एक गोष्ट ठरली. रोज सातला मंदिरावरचा भोंगा वाजणार, टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग खुशाल बघा. कोरोनात मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हे मांडलं. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले. पुढे बेळगावजवळच्या हलगा गावानंही असाच भोंगा लावला.

बातम्यांत तो 'मुलांच्या अभ्यासासाठी' असतो. मला विचाराल तर तो मोठ्यांसाठी आहे. मुलगा वही घेऊन बसलाय आणि त्याच खोलीत मालिकेतली सासू ओरडतेय, तर नुसतं त्याला 'अभ्यास कर' म्हणून काय होणार? आणि प्रश्न फक्त अभ्यासाचा नाही. अमेरिकेत 2009 साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. दोन महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या अंगावर छोटी रेकॉर्डिंग यंत्रं लावली आणि दिवसभराचं बोलणं मोजलं. टीव्ही ऐकू येत असलेल्या दर तासामागे मोठ्यांकडून मुलाच्या कानावर पडणारे शब्द सुमारे 770 नी कमी भरले. म्हणजे टीव्ही चालू असला की मोठी माणसंच गप्प होतात. आणि लहान मूल बोलायला शिकतं ते घरच्यांशी बोलून!

आता फर्दापूरला या. लेणी बंद होतात, टी-पॉइंटवरची गर्दी ओसरते, दुकानांत आणि हॉटेलांत राबणारे घराकडे वळतात. शेतात कापूस वेचून आई आलेली असते. कितीतरी घरांत मोठं माणूस आणि लेकरू एका खोलीत जागे असतात, ते एवढ्याच दीड तासात. तो वेळ मालिकेला जातो.

पण म्हणून आईच्या हातातला रिमोट ओढून घेऊ नका. दिवसभरात बूड टेकायला मिळालेला तिचा तेवढाच वेळ असतो. वडगावचं शहाणपण मला इथं दिसतं. तिथं आधी महिलांची सभा घेतली, त्यांना विचारलं, मग भोंगा लावला. शिवाय सगळ्या गावाचा टीव्ही एकदम बंद, म्हणजे 'शेजारच्यांकडे तर चालू आहे' ही सोयही नाही. एकट्या घरानं हे करायचं तर पोर शेजारी जाऊन बसतं.

टीव्हीला सरसकट शिव्या घालण्यातही अर्थ नाही. 2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांची मालिका होती. स्मार्टफोन नसलेल्या घरातही ती पोहोचत होती. जागतिक आरोग्य संघटनाही दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास चालेल म्हणते, त्याहून लहानांना मात्र नको.

अडचण खरी आपली आहे, कॉलेजवाल्यांची. धाकट्याला 'टीव्ही बंद कर' म्हणतो आणि आपण कोपऱ्यात रील्स खाली सरकवत बसतो. 'माझा अभ्यासच मोबाईलवर येतो' हे कारण तयार असतं, आणि कधीकधी खरंही असतं. नोट्स ग्रुपवर, फॉर्म ऑनलाइन. पण त्या लेकराला आपल्या तोंडावर पडलेला उजेड तेवढा दिसतो, नोट्स आहेत की रील, हे त्याला कसं कळावं? सात ते साडेआठच्या नोट्स दुपारीच वहीत उतरवून घेता येतील का, ते या आठवड्यात करून बघा. आणि गावात भोंग्याचा विषय काढायचा असेल तर पुढच्या ग्रामसभेत काढा, जाताना आईलाही घेऊन जा.