गाडीवरचं 786

माझा धाकटा भाऊ सोलापूरच्या मार्केट यार्डातून पुण्याला कांदा नेतो. स्वतःचा छोटा हत्ती आहे. गाडी घरी आली त्या दिवशी अब्बांनी विजापूर वेशीतल्या एका दुकानातून सोनेरी रंगाचे तीन आकडे आणले, 7, 8 आणि 6. आपल्या हातानं ते गाडीच्या मागच्या फाळक्यावर चिकटवले, दुआ केली आणि मग किल्ली भावाच्या हातात दिली.

गेल्या वर्षी भावानं ते आकडे काढून टाकले. त्याला कुणी अडवलं नव्हतं की शिवी दिली नव्हती. रोज रात्री मोबाईलवर येणारे व्हिडिओ पाहून तो स्वतःच घाबरला होता. "भाईजान, रात्रीचा रस्ता असतो. घरी लहान मुलं आहेत," एवढंच म्हणाला. अब्बा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी गप्प बसलो. पण हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही, म्हणून आज लिहितो.

आधी 786 म्हणजे काय ते पाहू. कारण गाडीवर लावणाऱ्या दहाजणांना विचारलं तर आठजणांना सांगता येत नाही. अरबी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत दिलेली आहे, या पद्धतीला अबजद म्हणतात. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' फळ्यावर लिहून मी वर्गात मुलांकडून बेरीज करून घेतो. 'बिस्म' म्हणजे बे 2, सीन 60, मीम 40, झाले 102. 'अल्लाह' 66, 'अर्रहमान' 329, 'अर्रहीम' 289. एकूण 786. कागद पायदळी पडला तर अल्लाहच्या नावाची बेअदबी होऊ नये, म्हणून लोक पत्राच्या माथ्यावर पूर्ण बिस्मिल्लाह न लिहिता हा आकडा लिहायचे. म्हणजे मूळ भावना अदबीची. कुरआनात हा आकडा नाही, हदीसमध्ये नाही. भारतीय उपखंडाबाहेर त्याची फारशी ओळखही नाही. बिस्मिल्लाहच्या जागी आकडा चालत नाही, असं अनेक उलमा सांगत आले आहेत.

मुलांना मी आणखी एक बेरीज देतो. 'हरे कृष्णा' उर्दूत लिहा. हे 5, रे 200, ये 10. काफ 20, रे 200, शीन 300, नून 50, अलिफ 1. उत्तर पुन्हा 786! वर्गात आधी शांतता पसरते, मग हशा. मी एवढंच सांगतो, आकडा कुणाच्या मालकीचा नसतो. त्याच्यावरून भांडण तर मुळीच होऊ शकत नाही.

मग हा आकडा संरक्षण करतो, हे आलं कुठून? माझ्या मते त्यात सिनेमाचा वाटा मोठा आहे. 1975 च्या 'दीवार'मध्ये गोदीत काम करणाऱ्या विजयचा बिल्ला नंबर 786 असतो. त्याचं महत्त्व त्याला रहीमचाचा सांगतात आणि पुढे तोच बिल्ला गोळी अडवतो. बिल्ला घालणारा हिंदू, अर्थ सांगणारा मुसलमान आणि टाळ्या वाजवणारे सगळेच. फार सुंदर गोष्ट आहे ती. पण बिल्ला गोळी अडवतो हे सिनेमानं शिकवलं, दीननं नाही. गाडीला वाचवतात ते ब्रेक आणि चालवणाऱ्याचं भान.

खरी गोची इथेच आहे. गाडीवर 'माशाअल्लाह', आणि गाडी उलट्या बाजूनं. मागे चंद्रकोर, पुढे तिघं बसलेले, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. सायलेन्सर असा फोडलेला की गल्लीतलं तान्हं बाळ दचकून उठावं. रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणं हा इमानचा भाग आहे, अशी शिकवण आपल्याला रसूलुल्लाहनी दिली. आपण मात्र अल्लाहचं नाव लावून स्वतःच रस्त्यातला त्रास होतो! ॲक्सेसरीजच्या दुकानात महागड्या मॉडेलची चकचकीत अक्षरं सुटी मिळतात. काहीजण ती साध्या मॉडेलवर चिकटवतात. अक्षरांनी इंजिन बदलत नाही. आपलंही तसंच होतंय का, हे प्रत्येकानं आपापलं तपासावं.

आता नंबर प्लेटचं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सालचे आहेत. प्लेटवर नोंदणी क्रमांकाशिवाय दुसरं नाव, चित्र, नक्षी चालत नाही. हा नियम 4141 ला 'दादा' करणाऱ्याला आहे, 214 चा 'राम' करणाऱ्याला आहे आणि 786 मोठं काढून बाकीचे आकडे मुंगीएवढे करणाऱ्यालाही आहे. ज्याला हौस आहे त्यानं आरटीओत पसंतीचा क्रमांक म्हणून 0786 रीतसर घ्यावा. मात्र चारचाकीला त्यासाठी लाखाच्या वर शुल्क पडतं. तेवढ्या पैशात एखाद्या मुलीचं डीएड होईल, हेही मनात धरावं.

पण नियम सांगणाऱ्यांनाही एक विनंती आहे. रस्त्यावर आईचा आशीर्वाद आहे, तुळजाभवानी आहे, स्वामी समर्थ आहेत, जय शिवराय आहे, जय भीम आहे. ट्रकच्या पाठीवर अख्खा महाराष्ट्र लिहिलेला असतो. त्यात एक 786 असला तर बिघडलं कुठे? खरं घातक आहे ते दुसरंच. खाजगी गाडीवर 'पोलीस', 'प्रेस' आणि काचेवर भली मोठी जात. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षकानं या जातींच्या स्टिकरबद्दल तक्रार केली, तेव्हा 2020 च्या डिसेंबरात उत्तर प्रदेशच्या परिवहन खात्यानं कारवाईचे आदेश काढले. मला त्या शिक्षकाचा अभिमान वाटतो. 'मी कोण आहे माहीत आहे का' असं दरडावणारं स्टिकर आणि 'अल्लाह, सांभाळून ने' असं म्हणणारं स्टिकर यांत फरक आहे. तो फरक आपल्यालाही कळायला हवा, कारण आपल्यातलेही काहीजण दुसरं लावून पहिल्यासारखे वागतात.

म्हणून माझं मत असं. ऐट म्हणून लावू नका. ताईत म्हणून लावू नका. नंबर प्लेट स्वच्छ ठेवा. पण अदबीनं लावलेलं असेल तर भीतीपोटी काढू नका. भीतीनं आज आकडा निघतो, उद्या टोपी निघते, परवा डब्यावरचं नाव.

हे लिहिणं मला सोपं आहे. मी शाळेत सायकलवर जातो. रात्री दोन वाजता चहाच्या टपरीवर गाडी लावून उतरायचं असतं ते माझ्या भावाला. त्यामुळे त्याला मी 'पुन्हा लाव' असं म्हणालो नाही. ज्या मित्रांच्या घरी त्याचा कांदा पोहोचतो त्यांना मात्र म्हणतो, पुढच्या टेम्पोवर 786 दिसला तर आत एक दमलेला बाप बसला आहे, एवढं लक्षात असू द्या. तुम्ही हे लक्षात ठेवलंत तर त्याला काढायची गरज पडणार नाही.

गेल्या महिन्यात भावाच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली. तिच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा छोटासा होलोग्राम असतो, सगळ्यांच्या गाडीला सारखाच. अब्बांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "हा बिल्ला कुणाला काढावा लागत नाही ना?" मी म्हणालो, "नाही अब्बा. काढला तर दंड होतो."

सोनेरी आकडे अजून अब्बांच्या कपाटात आहेत.