आकाशाची खतावणी

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईचे नाव एका अनपेक्षित कारणाने जगभरच्या बातम्यांत आले. ‘२०२४ वायआर४’ नावाचा एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के इतकी वर्तवण्यात आली होती. तो आदळलाच तर कोठे आदळेल, याचा एक अरुंद पट्टा खगोलशास्त्रज्ञांनी आखला होता. हा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. मुंबई, कोलकाता, ढाका ही शहरे या पट्ट्यात किंवा त्याच्या लगत येत होती. सुमारे ६० मीटर रुंदीचा हा पाषाण, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा. एखाद्या शहराची राखरांगोळी करण्यास तो पुरेसा होता.

त्यानंतर अवघ्या सहा दिवसांत ती शक्यता ०.००४ टक्क्यांवर, म्हणजे पंचवीस हजारांत एक इतकी, खाली आली. शास्त्रज्ञांनी आधी उगाच घाबरवले आणि मग हात झटकले, असा ग्रह अनेकांनी करून घेतला. वस्तुस्थिती तशी नव्हती. ती समजून घेण्यास व्यापारी घराइतके सोयीचे ठिकाण नाही.

समजा, चुकीच्या पत्त्यावर गेलेला मालाचा एक गठ्ठा बाजारातील शंभर गोदामांपैकी कोणत्या तरी एका गोदामात आहे. आपल्या गोदामात तो असण्याची शक्यता शंभरात एक. शोध सुरू झाला, अडुसष्ट गोदामे पाहून झाली आणि तेथे तो आढळला नाही. आता उरली बत्तीस गोदामे, आणि त्यांत आपले एक. शक्यता तीन टक्क्यांच्या वर गेली. गठ्ठा काही आपल्याकडे चालत आला नाही, शोधाचे क्षेत्र तेवढे आक्रसले. पुढच्या एखाद्या गोदामात गठ्ठा सापडला की आपली शक्यता एकदम शून्य होते. ‘२०२४ वायआर४’ बाबत हेच घडले. तो २०३२ मध्ये कोठे असेल, याची अनिश्चितता नव्या निरीक्षणांनी कमी कमी होत गेली. पृथ्वी जोवर त्या आक्रसणाऱ्या क्षेत्रात होती, तोवर टक्केवारी चढत गेली. पृथ्वी क्षेत्राबाहेर पडताच टक्केवारी कोसळली. हिशेब चुकला नव्हता, तो पूर्ण होत होता.

या घटनेतील चिंतेची बाब वेगळीच आहे. चिलीमधील ‘ॲटलास’ दुर्बिणीने हा लघुग्रह प्रथम टिपला तो २७ डिसेंबर २०२४ रोजी. पृथ्वीच्या सर्वांत जवळून तो गेला होता २५ डिसेंबरला. पाहुणा दारावरून निघून गेल्यावर दोन दिवसांनी त्याची चाहूल लागावी, असा हा प्रकार होता.

ज्या देण्याची वहीत नोंद आहे, त्या देण्याने सहसा पेढी बुडत नाही. त्याची तरतूद करता येते. पेढी बुडते ती नोंद नसलेल्या देण्याने. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहराने याचा अनुभव घेतला. सुमारे २० मीटर रुंदीचा एक लघुग्रह सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला आणि जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. तो सूर्याच्या दिशेने आला असल्याने कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसला नव्हता. आकाशात लख्ख प्रकाश पसरला तेव्हा कुतूहलाने लोक खिडक्यांशी धावले. त्यानंतर एक-दोन मिनिटांनी हवेतील धक्का येऊन पोहोचला आणि काचांचा चुरा झाला. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतील बहुतेक काचांनी. अशा वेळी खिडकीपासून दूर जावे, एवढे साधे ज्ञान असते तर त्यांतील कितीतरी जणांची इजा टळली असती.

असे आघात दूरदेशीच होतात, असेही नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी वाशीम जिल्ह्यातील शिरपूरला जाणाऱ्या यात्रेकरूला शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर पाहता येते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने दख्खनच्या काळ्या पाषाणात कोरले गेले आहे. त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे मानले जाते. आज तेथे पक्षी आहेत, झाडी आहे, प्राचीन देवालये आहेत. ज्या क्षणी ते विवर घडले, त्या क्षणी मात्र त्या परिसरातील जीवसृष्टीला पळण्यास अवधी मिळाला नसेल. तिला आधी सांगणारेही कोणी नव्हते.

आज सांगणारे आहेत. अमेरिकेतील केंब्रिज येथे ‘मायनर प्लॅनेट सेंटर’ नावाची संस्था आहे. जगातील कोणत्याही वेधशाळेला किंवा हौशी निरीक्षकाला नवा लघुग्रह दिसला की त्याची नोंद या संस्थेकडे जाते. प्रत्येक लघुग्रहाचे जणू स्वतंत्र खाते उघडले जाते, त्याच्या स्थानाच्या नोंदी तारीखवार चढवल्या जातात आणि त्यांवरून त्याचा पुढील मार्ग काढला जातो. ही आकाशाची खतावणीच होय. पृथ्वीच्या परिसरात फिरणाऱ्या अशा सुमारे ४० हजार लघुग्रहांची खाती तिच्यात आजवर उघडली गेली आहेत.

ही खतावणी अजून पूर्ण मात्र नाही. एक किलोमीटरहून मोठे, साऱ्या जगावर संकट आणू शकणारे बहुतेक लघुग्रह सापडले आहेत आणि त्यांपैकी कोणाचाही येत्या शतकात पृथ्वीशी आघात संभवत नाही. अडचण आहे ती मधल्या आकाराची. १४० मीटरहून मोठे सुमारे २५ हजार लघुग्रह असावेत असा अंदाज आहे. त्यांपैकी ९० टक्के २०२० पर्यंत शोधून काढावेत, असे बंधन अमेरिकेने २००५ मध्ये कायद्याने घालून घेतले. ती मुदत उलटून गेली, तरी निम्मेही सापडलेले नाहीत. सूर्याच्या प्रखर तेजाआडून येणाऱ्या पाषाणांची उष्णता टिपण्यासाठी ‘निओ सर्व्हेअर’ ही अवकाश दुर्बीण तयार होत आहे. चेल्याबिन्स्कसारखी वाट त्यामुळे काही अंशी नजरेत येईल.

नोंद लवकर होण्याला इतके महत्त्व का, हे साध्या गणिताने कळते. एखाद्या लघुग्रहाचा वेग सेकंदाला केवळ एक सेंटीमीटरने बदलला, असे मानू. सरळ व्याजाच्या हिशेबाने एका महिन्यात तो आपल्या मूळ स्थानापासून सुमारे २६ किलोमीटर सरकेल. दहा वर्षांत तोच फरक सुमारे ३,१५० किलोमीटर होईल आणि वीस वर्षांत ६,३०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका. प्रत्यक्षात वेग बदलला की सूर्याभोवतीच्या फेरीचा काळही बदलतो, त्यामुळे योग्य दिशेने दिलेल्या धक्क्याचा परिणाम याहूनही मोठा असतो. भांडवल तेच, फरक फक्त मुदतीचा.

हे गणित कागदावरच राहिलेले नाही. २७ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार पावणेपाचच्या सुमारास, नासाचे ‘डार्ट’ हे यान पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर दूर असलेल्या डिमॉर्फस या पाषाणावर हेतुपुरस्सर आदळवण्यात आले. सुमारे १६० मीटरचा डिमॉर्फस हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. या दोहोंपासून पृथ्वीला काहीच भय नव्हते, म्हणूनच प्रयोगासाठी त्यांची निवड झाली. डिमॉर्फसच्या एका फेरीस ११ तास ५५ मिनिटे लागत. हा काळ ७३ सेकंदांनी जरी बदलला तरी प्रयोग यशस्वी मानावा, असे ठरले होते. प्रत्यक्षात तो ३२ मिनिटांनी कमी झाला. आघाताने उडालेला धुरळा एका दिशेला फेकला गेला आणि त्याच्या प्रतिक्रियेने डिमॉर्फसला उलट दिशेने अधिकचा रेटा मिळाला. तरीही त्याच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला तीन मिलिमीटरही नव्हता. मुंगीची चाल त्याहून जलद असते. या प्रयोगाचा परिणाम जवळून पाहण्यासाठी युरोपचे ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये रवाना झाले असून, ते २०२६ च्या अखेरीस तेथे पोहोचावे अशी योजना आहे.

मुंगीच्या चालीहून मंद अशा धक्क्याने संकट टळू शकते, पण तो वेळेवर दिला तर. वेळ निघून गेली की सौम्य उपाय एकेक करून संपतात. मुदत थोडी आणि पाषाण मोठा असेल, तेव्हा अण्वस्त्राच्या स्फोटाचा पर्याय शास्त्रज्ञांना विचारात घ्यावा लागतो. त्याचे धोके वेगळे आणि त्यातून उठणारे राजकारणही वेगळे. शिवाय एक नैतिक पेच आहे. धक्का अपुरा पडला तर आघात टळत नाही, त्याची जागा तेवढी पट्ट्यावरून पुढे सरकते. एका देशाने आपले शहर वाचवताना ते संकट दुसऱ्या देशाच्या दारात नेऊन ठेवण्याचा हा संभव आहे. म्हणूनच असा निर्णय कोणा एका राष्ट्राने घ्यावयाचा नाही, हे ओळखून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने इशारा देणारे एक जाळे आणि मोहिमांविषयी सल्ला देणारा एक गट असे दोन आंतरराष्ट्रीय मंच उभे राहिले आहेत. स्वतःचे रक्षण करताना दुसऱ्याच्या जिवाला बाधा पोहोचू नये, हा प्रश्न जैन घरांतील मुलांनाही नवा नाही.

तरीही एक उद्गार ऐकू येतो : जे व्हायचे ते होणारच, त्यापुढे माणसाचे काय चालणार? जैन विचाराने या प्रश्नाला फार पूर्वीच एकांगी उत्तर नाकारले आहे. कार्य घडते ते काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ या पाच समवायांनी. लघुग्रहाला द्वेष नाही की हेतू नाही. आपल्या कक्षेत फिरत राहणे हा त्याचा स्वभाव, आणि तो केव्हा कोठे पोहोचेल हे काळ ठरवतो. पण दुर्बिणीला डोळा लावून रात्र जागवणे, नोंद करणे, मार्गाचे गणित मांडणे आणि योग्य क्षणी हलकासा धक्का देणे, हा पुरुषार्थ आहे. केवळ नियतीच्या नावावर तो सोडून देणे म्हणजे प्रमाद होय.

साधू-साध्वी चालताना पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. आधी दिसले तर पाऊल अलगद वळवता येते. पाऊल पडल्यावर दिसले तर पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही. ईर्यासमितीची ही दृष्टी आता मानवजातीला आकाशाकडेही वळवावी लागत आहे. फक्त येथे चार हातांऐवजी चाळीस वर्षे पुढचे पाहावे लागते.

अशा पाहण्याचे फळ काय असते, हे १३ एप्रिल २०२९ च्या रात्री दिसेल. साडेतीनशे मीटरच्या आसपास रुंदी असलेला ‘अपोफिस’ लघुग्रह त्या वेळी पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे दूरचित्रवाणीचे उपग्रह फिरतात त्याहूनही जवळून, जाणार आहे. २००४ मध्ये तो सापडला तेव्हा याच दिवशी आघात होण्याची शक्यता २.७ टक्के वर्तवली गेली होती. नोंदी वाढत गेल्या, ती शक्यता मावळली आणि २०२१ मधील रडारच्या वेधांनंतर पुढील किमान शंभर वर्षे त्याच्यापासून भय नाही, हे निश्चित झाले. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांना सरकत्या ताऱ्यासारखा दिसेल. अँटवर्पला किंवा दुबईला व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या नातलगांनी आकाश निरभ्र असल्यास त्या रात्री मुलांना गच्चीवर अवश्य न्यावे. भयाची नोंद वेळेवर झाली, हिशेब चोख ठेवला गेला, म्हणून त्या रात्री घाबरून तळघर गाठण्याची वेळ येणार नाही आणि मुलांना तो सरकता तारा निर्धास्तपणे पाहता येईल.