उंची हवी असेल तर छप्पर काढा

नवरात्रात देवघरात घट बसतो. परडीत काळी माती, मातीत गहू-ज्वारी, वर माळ, बाजूला अखंड दिवा. नवव्या दिवशी पाहावं तर वीतभर पाती! घरातली मोठी माणसं खूश होतात, यंदा धान चांगलं आलं म्हणतात, दसऱ्याला तुरे टोपीत खोवले जातात. त्याच नऊ दिवसांत शेतात पेरलेला गहू जेमतेम मातीबाहेर आलेला असतो. बुटका, पण हिरवागार. देवघरातला उंच गहू पिवळट असतो आणि बोट लावलं की आडवा होतो. त्याला ऊन सापडलेलं नसतं, म्हणून तो ते शोधत वर पळतो आणि दाण्यातली सगळी शिदोरी त्या पळण्यात संपवतो. घटाबद्दल माझी तक्रार नाही, तो नऊ दिवसांचाच असतो. पण हाच प्रकार जगभर बंद खोल्यांमध्ये गांजाच्या झाडाबाबत चालतो, तोही चार-चार महिने, हजारो वॉट जाळून. आणि मग लोक विचारतात, खोलीतलं झाड उंच कसं करायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा राहून विचारलेला आहे. हे झाड बुटकं राहतं ते खताच्या कमतरतेमुळे नाही. ते बुटकं राहतं कारण कायद्याने त्याला घरात कोंडलं, आणि कोंडल्यावर बाजाराने त्या कोंडण्यालाच ‘प्रीमियम’ असं नाव दिलं.

आधी उंचीचा हिशेब करू. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. ट्यूबलाईट लावलेल्या आपल्या हॉलमध्ये दोन-तीनशे. डोळ्याला हा फरक कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. पानाला तशी सोय नाही. त्याच्याकडे फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते लाल आणि त्यापलीकडच्या दूरलाल प्रकाशाचं प्रमाण मोजत बसतं. डोक्यावर दुसऱ्या झाडाची पानं असतील तर ती लाल प्रकाश खाऊन टाकतात आणि दूरलाल खाली सोडतात. खालच्या झाडाला कळतं की शेजारी पुढे गेला. मग ते पानं-मुळं बाजूला ठेवून आधी खोड ताणतं. दिव्यात दूरलाल वाढवला की खोलीतलं झाडही ताणतं, निळा वाढवला की आखडतं. यात जादू काही नाही, झाडाला दिलेली खोटी बातमी आहे. शेजारी नसताना शेजारी आला असं सांगायचं, आणि बिचारं धावत सुटतं.

बरं, धावून जाणार कुठे? आपल्या फ्लॅटची उंची नऊ-साडेनऊ फूट. खाली कुंडी, वर दिवा, दिव्याखाली पानं भाजू नयेत म्हणून सोडलेली जागा. झाडाच्या वाट्याला उरतात पाच फूट. शिवाय दिव्याचा उजेड सूर्यासारखा नसतो. पंधरा कोटी किलोमीटरवरून येणाऱ्या उन्हाला झाडाचा शेंडा आणि बुंधा यांतल्या अंतराने काही फरक पडत नाही. हातभर वर टांगलेल्या दिव्याला पडतो. त्यामुळे खोलीत उंच वाढलेल्या झाडाची खालची निम्मी पानं अंधारात बसून असतात. हे त्या धंद्यातल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ते शेंडे खुडतात, फांद्या वाकवून बांधतात, जाळीखाली दाबतात. म्हणजे ज्याला उंची हवी त्याला ती खोलीत परवडत नाही, आणि ज्याला खोली परवडते तो उंची कापत बसतो.

मग हे झाड खोलीत गेलंच कशाला? उत्तर अमेरिकेत आहे. १९८३ साली कॅलिफोर्नियात डोंगरातली लागवड शोधून उपटण्याची मोठी मोहीम सुरू झाली, हेलिकॉप्टरांसकट. उंच झाड आकाशातून दिसतं. लोकांनी ते तळघरात नेलं. १९८९ मध्ये सरकारने तळघरांना दिवे आणि सामान पुरवणाऱ्या दुकानांवर छापे घातले, तरी तोवर वाट पडून गेली होती. आता तळघरात मावेल असं झाड हवं होतं. ते सापडलं अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगराळ भागात: ठेंगणं, रुंद पानांचं, लवकर फुलणारं. सत्तरच्या दशकात तिकडचं बी पश्चिमेत पोचलं होतंच, त्याचा संकर पुढे अमेरिका आणि हॉलंडच्या बियाणेवाल्यांनी सगळीकडे नेला.

इथे एक गंमत आहे, आणि ती आपल्या नावावर आहे. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून या झाडाला ‘इंडिका’ हे नाव दिलं. आज बाजारात ‘इंडिका’ म्हणून विकलं जातं ते ठेंगणं अफगाणी वाण. आणि आपल्याकडचं, केरळच्या इडुक्कीतलं वगैरे, उंच आणि निमुळत्या पानांचं झाड ‘सटायवा’ म्हणून ओळखलं जातं. भारताचं नाव बुटक्या झाडाला चिकटलं, कारण बुटकं झाड लपवता येत होतं.

कायदा झाडाची उंची ठरवतो, ही उपमा नाही. कॅनडात २०१६ साली सरकारी कृतिदलाने शिफारस केली की घरात चार झाडं लावायला परवानगी द्या, पण एकही झाड शंभर सेंटिमीटरपेक्षा उंच नको. विधेयकात ती अट खरोखर आली. मग लोक विचारू लागले की एकशे एक सेंटिमीटरचं झाड सापडलं तर पोलीस मोजपट्टी घेऊन येणार का? २०१७ मध्ये संसदेच्या समितीने ती अट काढून टाकली. कोलोरॅडोने २०१२ मध्ये मान्यता दिली ती सहा झाडांना, बंद आणि कुलूपबंद जागेत. गुन्हा रद्द झाला, कोठडी कायम राहिली.

आता या कोठडीचं बिल बघा. अमेरिकेत २०१२ मध्ये इव्हान मिल्स या ऊर्जातज्ज्ञाने हिशेब मांडला. त्या देशातल्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का बंद खोलीतल्या गांजावर जात होती, आणि एक किलो तयार मालामागे ४,६०० किलो कार्बन डायऑक्साइड. २०२१ मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ठिकाणानुसार पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा २,२८३ ते ५,१८४ किलोंच्या दरम्यान आला. दिवे तर आहेतच. पण दिव्यांची उष्णता बाहेर काढायला एसी, पानांतून निघणारा ओलावा काढायला वेगळं यंत्र, वास अडवायला फिल्टर. जे सूर्य, वारा आणि माती फुकट करतात, ते सगळं मीटर लावून.

आपल्याकडची बहुतांश वीज कोळशावर बनते. आणि ती कुणाला कधी मिळते, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको. शेतीपंपाला आळीपाळीने एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्रीची लाईट. बॅटरी घेऊन, साप-विंचू बघत, थंडीत दोन वाजता बारं धरायचं. खोलीतल्या गांजाच्या रोपाला वाढीच्या काळात अठरा तास प्रकाश देतात. अठरा तास! ‘इनडोअर माल म्हणजे भारी माल’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात.

काहींना वाटेल, आपल्याकडे हा प्रश्नच कुठे आहे? एनडीपीएस कायद्याखाली कुंडीत एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खरं आहे, आणि रील बघून टेंट मागवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. पण दार किलकिलं झालेलं आहे. त्याच १९८५ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये सरकारला धागा आणि बियांसाठी लागवडीची परवानगी देता येते. २०१८ मध्ये उत्तराखंडने ती वाट पहिल्यांदा वापरली, ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या झाडासाठी. २०२१ मध्ये भांगेच्या बिया आणि त्यांचं तेल अन्न म्हणून मान्य झालं. कुमाऊंत त्या बियांची चटणी लोक पूर्वापार खातातच. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरात गांजा लावायची परवानगी मागितली, कारण कुठल्याच पिकाला भाव नव्हता. बातमी हसण्यावारी गेली. तो अर्ज मला हसण्यासारखा वाटत नाही.

धाग्यासाठी तर उंचीच लागते. खोड जेवढं लांब आणि सरळ, तेवढा धागा चांगला. आणि ती मिळवायची रीत आपल्या शेतकऱ्याला ताग-अंबाडीपासून माहीत आहे: दाट पेरा. शेजाऱ्याशी चढाओढ करत झाड सरळ वर जातं, फांद्या फोडत नाही. फायटोक्रोम तोच, पण इथे शेजारी खरा असतो आणि डोक्यावरचं ऊनही खरं असतं. त्यामुळे दहा-बारा फुटांचं खोड उपाशी नसतं, चिवट होतं. उत्तराखंडच्या डोंगरात त्याचे दोर वळतात. जी उंची खोलीत हजारो रुपये जाळून मिळत नाही, ती रानात बियाण्याच्या हिशेबावर मिळते.

यावर येणारा सगळ्यात वजनदार आक्षेप औषधाचा आहे. औषधाला प्रत्येक झाड सारखं लागतं, बुरशी चालत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात उघड्यावर फुलोरा सडेल. मुद्दा रास्त आहे. पण उत्तर बंद गोदाम नाही. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात विसिंग्टनला बीटच्या साखरेचा कारखाना आहे. त्याच्या आवारात सुमारे ४५ एकरांचं काचगृह, कारखान्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर आणि कार्बन डायऑक्साइडवर चालणारं. आधी तिथे टोमॅटो पिकत. नंतर तिथे एपिडायोलेक्स या अपस्माराच्या औषधासाठी कॅनाबिस पिकू लागलं. वर काच आणि काचेवर सूर्य. साखर कारखान्यांची आपल्याकडे टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. मावळातले शेतकरी पॉलिहाऊसमध्ये परदेशी जाणारा गुलाब पिकवतात. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणारं पीकही नवं नाही, शेवंती तशीच आहे. ज्ञान नाही म्हणून बंद खोली हवी, ही सबब चालणार नाही.

दुसरा आक्षेप चोरीचा: उघड्यावर लावलं की माल पळणार, नशेकडे जाणार. धाग्याच्या वाणात नशेला पुरेल एवढं काही नसतं, त्यामुळे तिथे हा आक्षेप बराचसा गळतो. राहिला औषधी वाणाचा प्रश्न. ब्रिटिश काळात बंगालमध्ये नौगांवला गांजाची लागवड परवान्याखाली, मोजणी करून, सरकारी गोदामात माल जमा करून होत असे. नर झाडं ओळखून उपटायला खास जाणकार फिरत, त्यांना ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. ते सरकार शेतकऱ्याचं भलं बघत होतं असं मी म्हणणार नाही, त्याला कर हवा होता. पण उघड्या रानातल्या पिकावर कागद आणि माणसं वापरून नियंत्रण ठेवता येतं, हे त्याने विजेचा एकही दिवा न लावता दाखवलं होतं.

आता कलम १४ चे शब्द पाहा. सरकार आदेश काढून परवानगी देऊ शकतं, ‘आदेशात नमूद केलेल्या अटींवर’. उद्या महाराष्ट्रात असा आदेश निघाला आणि त्यात सुरक्षेच्या नावाखाली पक्की भिंत, कुलूपबंद छत आणि चोवीस तास कॅमेरा आला, तर सोलापूरच्या त्या दोन एकरांचा अर्ज तिथेच बाद होईल. परवाना ज्याच्याकडे गोदाम आणि औद्योगिक वीजजोडणी आहे त्याच्या हातात पडेल. मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा मुदत थोडी असते आणि शेतकऱ्यापर्यंत बातमी पोचेपर्यंत ती संपत आलेली असते. तुमच्या हातात फोन आहे, गावाकडे त्या मसुद्याची पीडीएफ पहिल्या दिवशी पाठवा.