खंडित संपर्क आणि मजुराची हजेरी

कचेरीतील संगणक बंद पडला म्हणून कारकुनाचा त्या दिवसाचा पगार बुडत नाही. कागदावर नोंद होते, यंत्र सुरू झाल्यावर ती उतरवून घेतली जाते. हा साधा न्याय रोजगार हमीच्या मजुराला मात्र सहजी मिळालेला नाही.

बीड जिल्ह्याला या योजनेची ओळख करून देण्याचे कारण नाही. 1972 च्या दुष्काळात तिने महाराष्ट्राला हात दिला. 1979 मध्ये तिचा कायदा अमलात आला. हजेरीपटावर खोटी नावे चढत, हेही खरे. म्हणूनच केंद्र सरकारने मे 2022 पासून वीस किंवा अधिक मजुरांच्या कामांवर आणि जानेवारी 2023 पासून बहुतेक सर्व सार्वजनिक कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची केली. हेतू रास्त होता.

परंतु बालाघाटच्या डोंगरात बांध घालणे हे टोळीचे काम आहे. एक खणतो, दुसरा पाटी भरतो, तिसरी ती वाहून नेते. संपर्क तुटला तरी ही साखळी थांबत नाही. थांबते ती नोंद, आणि नोंदीअभावी मजुरी अडते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर यंत्राची जोखीम, यंत्र निवडणाऱ्याकडून ज्याला कोणी विचारलेही नाही त्याच्याकडे सरकविली गेली.

सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. अपवादात्मक परिस्थितीत हाताने घेतलेली हजेरी भरण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर ठेवण्यात आला. पण बुडालेल्या रोजासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायचे, तर आणखी एक रोज बुडतो! शिवाय छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी भरली जाते, हे जुलै 2025 मध्ये केंद्रानेच मान्य केले आणि ग्रामपंचायतीपासून वर माणसांकरवी पडताळणीचा आदेश दिला. म्हणजे अखेर भिस्त माणसावरच आली.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने संमत केलेला नवा कायदा 125 दिवसांच्या कामाची हमी देतो. डिजिटल देखरेखीवर त्याचाही भर आहे. तेव्हा एक तरतूद स्पष्ट हवी. संपर्क खंडित होताच कामावरच कागदी हजेरीपट भरावा, तो सर्वांसमक्ष वाचून दाखवावा, त्यावर रोजगार सेवकाबरोबर दोन मजुरांच्या सह्या अथवा अंगठे घ्यावेत आणि ग्रामपंचायतीने तो त्याच दिवशी ग्राह्य धरावा. यंत्र दुरुस्त होईपर्यंत थांबण्याची ऐपत शासनाची आहे, मजुराच्या चुलीची नाही.