चिप आपली आली, तिचं मॉड्यूल कोण लिहिणार?

डिसेंबर 2025 मध्ये सी-डॅकने 'ध्रुव64' हा 1 गिगाहर्ट्झचा स्वदेशी प्रोसेसर जाहीर केला. माझ्या फीडवर दोन दिवस तेच. मी मात्र तेव्हा गोरेगावला, घरी, त्याच्या धाकट्या भावाशी झटत होतो. तेजस32 हा सी-डॅकच्याच वेगा मालिकेतला मायक्रोकंट्रोलर. 100 मेगाहर्ट्झ, 256 केबी मेमरी. व्हॉट्सॲपवरचा एखादा फोटो याहून जड असतो, पण बांधीतलं पाणी बघून मोटर चालू-बंद करायला एवढं भरपूर झालं.

अडचण वेगळीच होती. डिप्लोमाला असलेल्या माझ्या मामेभावाला प्लॅटफॉर्मआयओ येतं. ही ओपन-सोर्स बिल्ड सिस्टिम आहे: फाइलमध्ये बोर्डचं नाव लिहा, बटण दाबा, कंपायलर वगैरे आपोआप उतरतं. "दादा, हा बोर्ड पण त्यात टाकून दे ना," तो म्हणाला. म्हणजे मॉड्यूल लिहायचं. यात चिपची जादू काही नसते. कोणता कंपायलर, मेमरी कुठून कुठे, प्रोग्रॅम बोर्डवर कसा चढवायचा, एवढी माहिती आणि तिच्यामागे एक पायथन स्क्रिप्ट.

मी दुसऱ्या रिस्क-फाइव्ह बोर्डच्या सेटिंग्ज उचलल्या आणि फसलो. तेजस32 ला 'आरव्ही32आयएम' एवढंच कळतं. माझ्या सेटिंगमध्ये पुढे 'सी' होता, म्हणजे 16 बिटांच्या आखूड सूचना. बिल्ड हिरवं, बोर्ड गप्प. 'सी' काढला, तरी गप्पच! कारण जोडली गेलेली सी लायब्ररी आधीच 'सी'वाली होती, आणि लिंकर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दोन संध्याकाळी गेल्या. आता ते दोन्ही मॉड्यूलमध्ये पक्कं केलंय, मामेभावाला हा घोळ कधी कळणारही नाही.

एप्रिल 2022 मध्ये सरकारने डीआयआर-व्ही कार्यक्रम जाहीर केला, तेव्हापासून बातम्या चिपच्याच येतात. पण चिप पसरते ती अशा कंटाळवाण्या फाइल्समुळे. ईएसपी8266 आठवा. 2014 मध्ये ती गाजायला लागली तेव्हा माहिती बहुतेक चिनी भाषेत होती. हौशी लोकांनी 2015 मध्ये तिला आर्डुइनोत आणलं आणि मग ती कॉलेजच्या प्रोजेक्टांत घुसली. स्वस्त होतीच, पण नुसत्या किमतीवर हे झालं नसतं. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती'चं नाव प्लॅटफॉर्मआयओच्या यादीत आहे, हे मला म्हणूनच मोठं वाटतं. सी-डॅकनेही एरीज बोर्डसाठी आर्डुइनोचा आधार दिलाय. तो हवाच. पण माझ्या मते प्रत्येक नव्या चिपसोबत बिल्ड मॉड्यूल आणि ते सांभाळणारा पगारी माणूस पहिल्या दिवसापासून असायला हवा. माझ्यासारख्याची नोकरी बदलली की रविवार संपतात.

मॉड्यूल गिटवर टाकलं. पहिली तक्रार मामेभावाचीच आली: विंडोजवर अपलोड होत नाही. बरोबर आहे, मी फक्त लिनक्सवर तपासलं होतं.