न दुखणारा व्रण

मधुमेहाविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जाते. उपदंशाचे, म्हणजेच बोलीभाषेतील गरमीचे, नाव मात्र कोणी घेत नाही. सोळाव्या शतकात ‘भावप्रकाश’ ग्रंथात भावमिश्रांनी या व्याधीला ‘फिरंग रोग’ म्हटले. नाव परक्याचे दिले की रोग आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे, असे समाधान आपोआप लाभते!

संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी बहुधा जननेंद्रियावर, क्वचित ओठावर किंवा तोंडात, एक व्रण उमटतो. कडा कठीण, तळ स्वच्छ, आणि सहसा वेदना मुळीच नाही. जांघेत गाठी येतात. त्याही दुखत नाहीत. स्त्रीच्या गर्भाशयमुखाशी व्रण असल्यास तो तिला दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधाविना भरून येतो, आणि दुकानातून गुपचूप आणलेल्या मलमाला फुकटचे श्रेय मिळते.

काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येते. ते बहुधा खाजत नाही, आणि तळहात व तळपायांवरही उमटते. जाणत्या डॉक्टरांना ही खूण पुरेशी बोलकी असते. तोंडात चट्टे दिसतात, केस जागोजागी विरळ होतात. संकोचाने केवळ हात पुढे करणाऱ्या रुग्णाचे निदान म्हणूनच अपुरे राहते. यथावकाश ही लक्षणेही मावळतात. नोटीस येईनाशी झाली म्हणजे कर्ज फिटले, असे मानणारे खातेदार मी बँकेत पाहिले आहेत. जंतू शरीरातच असतात. उपचार न झाल्यास काहींच्या हृदयाजवळील महारोहिणीला किंवा मेंदूला अनेक वर्षांनी इजा होते. जवळची वस्तू पाहताना आकुंचन पावणारी, परंतु प्रकाशाला दाद न देणारी डोळ्याची बाहुली एडिंबरोच्या डॉ. अर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६९ मध्ये वर्णिली. ती याच रोगाची उशिराची खूण ठरली.

गरोदरपणी सुनेची व्हीडीआरएल चाचणी होते. ती सदोष आली की घरात तिच्याकडेच बोट दाखवले जाते, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. ही चाचणी अन्य कारणांनीही सदोष येऊ शकते, म्हणून दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. खात्री झाल्यावर चिरंजिवांनीही विनाविलंब रक्त तपासून उपचार घ्यावेत. एकट्या सुनेवर उपचार केल्यास तिला पुन्हा लागण होते. आरंभीच्या अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलिनची २४ लाख युनिटांची एक मात्रा सहसा पुरते, आणि ती वेळेवर मिळाल्यास गर्भाचेही रक्षण होते. पेनिसिलिन सोसत नसल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणे अवघड वाटत असेल, तर शासकीय रुग्णालयांत याच आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ चालविली जातात.